देवळाची वही: महामारीतल्या एका धर्मग्रामाचं प्रकरण

आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका देवळाखालच्या ख्रिस्ती वस्तीच्या, कचेरीत लाल कापडी बांधणीची एक जाड वही आहे. कुटुंबनोंदणीची. एका कुटुंबाला एक पान: घरातली माणसं, बाप्तिस्मा कधी झाला, लग्न कुठल्या देवळात लागलं, कबर कितव्या रांगेत, आणि अगदी उजवीकडच्या अरुंद रकान्यात वर्षाची वर्गणी. अक्षर बरं आणि बँकेतल्या नोकरीमुळे बेरीज चुकत नाही, एवढ्या भांडवलावर मी धर्मग्राम समितीचा सचिव झालो आणि ही वही माझ्या ताब्यात आली. मार्च २०२० ते ऑक्टोबर २०२१ या कोविडच्या दीड वर्षात आमच्याकडे जे बरंवाईट घडलं ते या वहीच्या अवतीभवती घडलं, म्हणून प्रकरण तिथूनच सांगतो. धर्मग्रामाचं आणि माणसांचं नाव देत नाही. वसईकरांना ओळख पटली तर पटो.

बाहेरच्या वाचकासाठी दोन शब्द. वसई म्हणजे उत्तर कोकण: वर वैतरणा, खाली वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. इथला ख्रिस्ती समाज पोर्तुगीज अमलातला, म्हणजे १५३४ ते १७३९ मधला. पोर्तुगीज गेले, समाज राहिला. घरात कादोडी किंवा वाडवळी बोलतो, मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, मराठीत ऐकतो, चर्चला सर्रास देऊळ म्हणतो. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपांचं कार्यक्षेत्र, झाला. वाडीत केळी, पालेभाजी, मोगरा, सोनचाफा. आणि वाडीवर भागत नाही म्हणून घरातलं एक तरी माणूस रोज लोकलने मुंबईला. हे झाले ‘गावचे’. गावच्यांपलीकडे, चाळींत आणि कारखान्यांच्या आसपास भाड्याने राहणारे हजारो आहेत. त्यात झारखंडचे, केरळचे कॅथलिकही आहेत. रविवारी ते मागच्या बाकांवर बसतात आणि शेवटच्या गीताआधी निघतात. वहीत त्यांना पान नव्हतं. का नव्हतं, हे २०२० पर्यंत कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

दार बंद

२६ फेब्रुवारी २०२० ला राखेचा बुधवार होता, ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस. एकाच अंगठ्याने फादरांनी शेकडो कपाळांवर राख लावली. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. मार्चच्या मध्याला दाराजवळची पवित्र पाण्याची भांडी कोरडी केली, ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, जिभेवर न देता हातात द्यायला सुरुवात झाली. २२ मार्चला जनता कर्फ्यू, त्याच रात्री लोकल बंद, आणि २५ पासून सगळं ठप्प. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा दहा दिवसांवर आला होता.

रोमहून आदेश आला: झावळ्यांची मिरवणूक नाही, गुरुवारी पाय धुण्याचा विधी गाळावा, ईस्टरच्या रात्री देवळाबाहेर अग्नी पेटवू नये, क्रुसाचं चुंबन फक्त मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूने घ्यावं, आणि लोकांविना विधी करायला हरकत नाही. वसईत झावळ्यांना तोटा नाही, दर चार पावलांवर माड. तरी ५ एप्रिलच्या रविवारी आशीर्वादाची झावळी कुणाच्या हातात नव्हती. लोकांनी आपापल्या झाडाची एक तोडून फाटकाला बांधली. ते करा असं कुणी सांगितलं नव्हतं.

छोटे फादर नव्यानेच दीक्षित, मोबाईलात पटाईत. त्यांनी यूट्यूबवर मिस्सा दाखवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी फोन नोव्हेनाच्या प्रार्थनापुस्तकांच्या थप्पीवर टेकवला होता. फादरांच्या आवाजाहून पंख्याचा आवाज मोठा. मग स्टँड आला, माईक आला, दोन मुलं गाणं म्हणायला आणि एक फोन धरायला. या खटाटोपात समितीची जितकी शक्ती गेली तितकी दुसऱ्या कशात गेली नाही, आणि माझ्या मते ती बरीचशी वाया गेली. हे मी तेव्हाच म्हणालो होतो असं नाही. तेव्हा मीही बघणाऱ्यांचे आकडे मोजत होतो.

माझी आई तेव्हा ८१ वर्षांची. सकाळी सातची मिस्सा, तर ती साडेसहाला तयार. लाल लुगडं, डोक्यावर पदर, हातात जपमाळ. टेबलावर मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. “उभं राहायचं तेव्हा उभं राहायचं ना रे?” तिने विचारलं. कोण बघतंय, असं ओठांवर आलं होतं, गिळलं. तिने सगळी उत्तरं मोठ्याने दिली. फादर एकटेच, उत्तर द्यायला समोर कुणी नाही, तर इकडून आमच्या स्वयंपाकघरातून ती देतेय. भाकर उंचावायची वेळ आली, मिस्सातला सगळ्यांत पवित्र क्षण. ती गुडघे टेकून बसली. आणि चित्र थांबलं. फादरांचे हात वर, मधोमध ते गोल फिरणारं चक्र. चक्र थांबेना आणि आई उठेना. तिच्या गुडघ्यांचं दुखणं मला माहीत; मी खांद्याला हात लावला तर तिने झटकला. चित्र पुढे सरकलं तेव्हा फादर ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’पर्यंत पोचले होते. आई माझ्याकडे वळून म्हणाली, “मधलं झालं का?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मोठ्या फादरांना फोन करून सांगितलं. ते दहा सेकंद गप्प राहिले आणि म्हणाले, “उद्यापासून घंटा वाजवू.”

घंटा तशी दिवसातून तीनदा वाजतेच, देवदूताच्या प्रार्थनेची. आता मिस्साच्या त्या क्षणीही वाजायची ठरली. दोर ओढायला देवळाशेजारी राहणारा म्हातारा सेवक होता, तो एकटाच पुरे. दुसऱ्या दिवशीपासून वाडीत पाणी लावणारा माणूस फावडं टाकून उभा राहायला लागला. ज्यांच्याकडे साधा फोन आणि ज्यांच्याकडे फोनच नाही अशी घरं मी नंतर मोजली तेव्हा कळलं, की यूट्यूबच्या नादात आम्ही नेमके रोज मिस्साला येणारे म्हातारेच वगळले होते. मग केबलवाल्याला गळ घातली, त्याने स्थानिक वाहिनीवर रविवारची मिस्सा फुकट दाखवली. टीव्ही घरोघरी होता. हे आधी का सुचलं नाही? कारण समितीत सत्तरीपुढचं कुणी नव्हतं.

ख्रिस्तप्रसादाचं काय, हा सगळ्यांत नाजूक भाग. मिस्सा पाहता येते, ख्रिस्तप्रसाद पाहून घेता येत नाही. त्या जागी मनोमन ग्रहण करण्याची जुनी प्रार्थना छोटे फादर म्हणायचे. कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूपाशी पापांची कबुली, तीही फोनवर होत नाही. चर्चचा नियम तसा स्पष्ट आहे. पोप फ्रान्सिस २० मार्चला म्हणाले होते की धर्मगुरू मिळत नसेल तर देवाशी थेट बोला, खरा पश्चात्ताप करा, आणि जमेल तेव्हा कन्फेशनला जा. एका आजोबांना हे मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे उधारी.” मी म्हटलं हो, तसंच काहीसं. त्यांना पटलं.

वहीत नाव नाही

लोकल बंद झाल्याचा पहिला मार वाड्यांना बसला. आमच्या बायका पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन दादर, मालाड, बोरिवलीला जातात. मार्चअखेर म्हणजे मोगऱ्याचा भर. फूल थांबत नाही. शेजारच्या वाडीत तीन दिवस कळ्या खुडून नाक्यावर विकायचा प्रयत्न झाला, चौथ्या दिवशी खड्डा खणून टाकल्या. त्या संध्याकाळी गल्लीत लग्नघराचा वास सुटला होता आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

दुसऱ्या बाजूला कारखाने बंद, हातावर पोट असलेले घरात. समितीने ठरवलं: शिधा वाटायचा. भाजी आपल्याच शेतकऱ्यांकडून रास्त भावाने घ्यायची, तांदूळ, तूरडाळ, तेल, साबण घाऊक बाजारातून. पैशांचा प्रश्न आला. देऊळ बंद म्हणजे दानपेटी बंद. हाताशी होता तो देवळाच्या रंगकामाचा निधी, चार सणांच्या लिलावांतून साठवलेला. समितीतले एक ज्येष्ठ फोनवरच्या बैठकीत म्हणाले, “लोकांनी रंगासाठी दिलेत, आपण भाकरीवर उडवणार?” त्यांची बाजू अगदीच चुकीची नव्हती, ज्या कामासाठी दान घेतलं त्याच कामाला लावायचं, हा धर्मग्रामाचा आणि बँकेचाही नियम. शेवटी धर्मप्रांताची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि दात्यांना विभागवार फोन करून विचारलं. नाही म्हणणारं कुणी निघालं नाही.

यादी माझ्याकडे होतीच. लाल वही काढली, विभागवार कुटुंबं उतरवली, तेरा विभागप्रमुखांना पाठवली. टेम्पोला अत्यावश्यक सेवेचा पास चिकटवला. दोन दिवसांत वाटप पूर्ण. मी समाधानाने जेवलो.

तिसऱ्या दिवशी कचेरीच्या फाटकाशी एक बाई उभी होती. देवळामागच्या चाळीतली. दर शुक्रवारी नाक्यावरच्या क्रुसाला हार घालते, तोंडओळख होती. नवरा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या छतांचं काम करायचा, तीन आठवड्यांपासून घरी. आदल्या दिवशी आमचा मुलगा शिध्याची पिशवी घेऊन चाळीवरून गेला, तिने विचारलं, त्याने फोनमधली यादी पाहून “नाव नाही” सांगितलं. मुलगा खोटं बोलला नव्हता. मी काही म्हणणार तोच ती म्हणाली, “आमचं नाव तुमच्या वहीत कसं असेल दादा? आमच्याकडे कुणी लिहायलाच आलं नाही.”

तिला आवाज चढवायचा नव्हता आणि तिने चढवलाही नाही. त्यामुळेच जास्त लागलं.

संध्याकाळी यादी पुन्हा पाहिली. पिशव्या गेल्या होत्या त्यांत दुमजली बंगले होते, घरात दोन पेन्शनी असलेली घरं होती. काहींनी पिशवी परत पाठवली, काहींनी ‘देवळाची आहे’ म्हणून ठेवून घेतली. ठेवून घेणाऱ्यांवर मी तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, चूक घेणाऱ्याची कमी, वाटणाऱ्याची जास्त. नोंदवही वर्गणीसाठी आणि कबरींसाठी बनवलेली. कोण आपलं हे तिला ठाऊक. कोण उपाशी हे तिला कसं ठाऊक असणार?

दुसरी वही मी त्याच रात्री केली. मुलीची दोनशे पानी, निळी, शाळेची. यात कुटुंब नाही, गल्ली. एक गल्ली, एक पान. दारामागून दार, धर्म-जात-मूळगाव काही न लिहिता: किती तोंडं, कमावणारं कोण, ते सध्या कुठे, दूधपितं मूल आहे का, रोजचं औषध कुठलं, फोन आहे का. विभागप्रमुखांऐवजी प्रत्येक गल्लीतली एकेक बाई निवडली. बायकाच का? कारण कुणाच्या घरात चूल पेटत नाही हे त्यांना न विचारता कळतं. त्यांतल्या चौघी ख्रिस्ती नव्हत्या, आणि यावरून समितीत पुन्हा एक फोनयुद्ध झालं, त्याचा तपशील देण्यासारखा नाही. मोठे फादर दोनच वाक्यं बोलले: “देऊळ बंद आहे. मग आत कोण आणि बाहेर कोण?”

निळ्या वहीने पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट उघड केली. झारखंडची चौदा पोरं एका खोलीत अडकली होती. कॅथलिक. आमच्याच देवळात दोन वर्षं मागच्या बाकावर बसणारी. त्यांच्यापर्यंत पहिल्या वाटपात कुणी पोचलं नव्हतं. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटू लागल्या तेव्हा त्यांचे अर्ज भरायला आमच्या तरुणांनी दोन रात्री घालवल्या. बारा गेले, दोघे राहिले. त्या दोघांचं पुढे येईल.

माती

आमच्या धर्मग्रामातला पहिला कोविड-मृत्यू जुलै २०२० मधला. गृहस्थ साठीचे, सगळ्या गावाला माहीत असलेले. मुलगा आणि सून विलगीकरणात, बायको घरी. रुग्णालयातून फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि पाच वाजेपर्यंत कबरस्थानाशेजारच्या घरांतून मला सात फोन. इथे आणू नका. आणाल तर रस्ता अडवू.

हे लोक दुष्ट नव्हते. त्यातले दोघे माझे सख्खे नातलग. भीती होती आणि माहिती नव्हती. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्येच मृतदेहाबाबत सूचना काढल्या होत्या: गळती न होणारी पिशवी, आंघोळ घालू नये, मिठी-चुंबन नाही, मात्र पिशवीची चेन उघडून चेहरा पाहू देता येतो आणि देहाला स्पर्श न करता धर्मवचन वाचता येतं, पवित्र पाणी शिंपडता येतं. मुंबईत वांद्र्याच्या कबरस्थानावरून वाद उच्च न्यायालयात गेला होता आणि २२ मे २०२० ला न्यायालयाने दफनाला आडकाठी करता येणार नाही असं स्पष्ट केलं होतं. मी दोन्ही कागदांचं मराठीत एक पान केलं आणि त्या सात जणांना पाठवलं. तिघांनी माघार घेतली. चौघांकडे मोठे फादर स्वतः गेले, मास्क लावून, फाटकाबाहेर उभे राहून बोलले. मधुमेह असलेला साठीचा माणूस. त्यांनी जाऊ नये असं सगळे म्हणत होतो.

दहनाचा पर्यायही चर्चिला गेला. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे. २०१६ च्या सूचनेप्रमाणे अस्थी पवित्र जागी ठेवायच्या, विखरायच्या नाहीत, घरी ठेवायच्या नाहीत. पुढे काही कुटुंबांनी तो मार्ग घेतला आणि अस्थींचा कलश कुटुंबाच्या कबरीत ठेवला. पण या घराला माती हवी होती.

खांदा द्यायला सात जण पुढे आले. पाच गावचे तरुण, आणि झारखंडचे ते दोघे. धर्मभगिनींमधल्या एक सिस्टर परिचारिका आहेत. त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात पीपीई किट घालायला आणि, त्याहून महत्त्वाचं, काढायला शिकवलं. चुका काढतानाच होतात, त्या सांगत होत्या; बाहेरचा हातमोजा आतल्या कपड्याला लागला की मेहनत मातीत. सातही जणांकडून त्यांनी पाच-पाच वेळा करून घेतलं. पाचव्या वेळी एकाला चक्कर आली, इतकं उकडत होतं.

पाऊस होता. आमच्याकडची जमीन रेताड, पावसाळ्यात चार-पाच फुटांवर पाणी लागतं. खड्ड्यात पाणी साचलं होतं, ते बादलीने उपसलं, रेती टाकली. रुग्णवाहिका साडेसातला आली. पत्नी गाडीत, काच वर, तीस-चाळीस फुटांवर. मोठ्या फादरांनी प्रार्थना मोबाईलच्या स्पीकरवर ठेवली, म्हणजे गाडीत तिला ऐकू यावी. पिशवीची चेन अर्धी उघडली, टॉर्च धरला. ती काचेला कपाळ टेकवून पाहत होती.

मूठमाती द्यायची आमच्याकडे रीत. आलेला प्रत्येक जण एक मूठ टाकतो. आता टाकणार कोण? तेव्हा गाडीतून तिने एक प्लास्टिकची पिशवी ड्रायव्हरकडे दिली. आत वाडीतली माती, ओली, केळीच्या बुंध्याजवळची. एक मूळही होतं तिच्यात. झारखंडच्या मुलाने ती पिशवी घेतली, कबरीवर ओतली आणि मग पिशवी झटकली, दोनदा, शेवटचा कण पडेपर्यंत. रबरी हातमोज्यांचा चर्र आवाज. बाकी पाऊस.

सातही जण पुढचे चौदा दिवस धर्मशिक्षणाच्या वर्गात राहिले. बाकं सरकवून गाद्या टाकल्या. डबा रोज वेगळ्या घरातून, आणि चौथ्या दिवशी त्या रस्ता अडवणाऱ्यांपैकी एका घरातून सुरमईचं कालवण आलं. चिठ्ठी नव्हती, डबा ओळखीचा होता.

उघडलं, मिटलं

१६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याला, राज्यात प्रार्थनास्थळं उघडली. इथे मी पटकन सांगतो, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. बाकावर खुणा, दारात तापमापक, विभागवार चिठ्ठ्या, एका घराला पंधरवड्यातून एक रविवार. पासष्टीपुढच्यांनी आणि दहा वर्षांखालच्यांनी घरीच राहावं असा सल्ला. म्हणजे दार उघडलं आणि आई पुन्हा बाहेर. तिच्यासारख्यांना सिस्टर ओट्यावर येऊन ख्रिस्तप्रसाद द्यायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा आईने ओटा सारवला. फरशीचा ओटा आहे, सारवण्यासारखं काही नव्हतं, पुसला म्हणू.

नाताळात महापालिका क्षेत्रात रात्री ११ नंतर संचारबंदी, त्यामुळे मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळी सातला. ४ एप्रिल २०२१ ला ईस्टर. सकाळी चिठ्ठ्या घेऊन लोक मिस्साला आले आणि दुपारी बातमी आली: उद्या रात्रीपासून पुन्हा बंद.

दुसऱ्या लाटेबद्दल मी जास्त लिहिणार नाही. एका दिवशी दोनदा कबरस्थानात जावं लागलं, असे दिवस आले. सात जणांचे एकवीस झाले. खड्डे खणणारा आमचा माणूस आजारी पडला तेव्हा शिक्षकांनी कुदळ घेतली.

१७ मे

आता निळी वही. पहिल्या लाटेनंतर ती कपाटात गेली असती, पण सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली आणि त्यासाठी घरोघर फिरणाऱ्या आशाताईंना आमच्या गल्लीच्या बायका सोबत म्हणून गेल्या. वही ताजी झाली. एप्रिल २०२१ मध्ये मी तिच्यात एक नवा रकाना पाडला: ऑक्सिजन. धर्मग्रामाने रक्तातला ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिमीटर आणि हवेतून ऑक्सिजन काढून देणारी काही यंत्रं, कॉन्सन्ट्रेटर, घेतली होती, उसनवारीने द्यायची. रुग्णालयातून खाट रिकामी करायची म्हणून घरी पाठवलेले, अजून आधाराची गरज असलेले रुग्ण होते. कुणाच्या घरी आपलं यंत्र, कुणाच्या घरी स्वतःचं, कुणाकडे सिलिंडर, मिनिटाला किती लिटर, सगळं पेन्सिलीने, कारण रोज बदलायचं.

१७ मे ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. सकाळपासून माड कमरेत वाकत होते. वाड्यांतली केळी एकामागून एक आडवी. अकराच्या सुमाराला वीज गेली, आणि ही लवकर येणार नाही हे खांब पडलेले पाहून कळत होतं. सिस्टरांचा फोन: “कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतात.”

पाच लिटरचं यंत्र साधारण साडेतीनशे वॅट खातं. घरच्या इन्व्हर्टरवर दोन-चार तास, बॅटरी जुनी असेल तर तेवढेही नाही. निळी वही उघडली. रकान्यात सहा घरं. तीन गावची, दोन चाळीतली, एक इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं. सहाही घरांना फोन लावले, दोनच लागले. मग मुलं निघाली, हेल्मेट घालून, कारण पत्रे उडत होते. सणाला रोषणाई करणाऱ्या मंडपवाल्याचा जनरेटर देवळाच्या सभागृहाशी आणला, डिझेल एका मच्छिमाराने होडीच्या टाकीतून काढून दिलं. सभागृहात सहा पलंग. चालता येत नव्हतं त्यांना खुर्चीत बसवून आणलं, वाटेपुरता एक छोटा सिलिंडर फिरवत. सात घनमीटरचा एक जंबो सिलिंडरही हाताशी ठेवला. पाच लिटरच्या गतीने तो तेवीस तास चालतो, हे सिस्टरांनी फळ्यावर गणित मांडून सगळ्यांना दाखवलं.

पाच जण आले. सहावं घर सापडेना. वहीत लिहिलं होतं ‘पत्र्याची खोली, बोअरिंगच्या बाजूला’, आणि त्या गल्लीत बोअरिंगं तीन. ती हार घालणारी बाई त्याच गल्लीची प्रमुख. तिने टॉर्च घेऊन मुलांना नेलं. आत तिचा नवराच होता. आपल्या घराचा पत्ता तिने इतर कुणाच्या घराचा द्यावा तसाच, त्रयस्थ, लिहून दिला होता. नाव लिहायचं राहिलं होतं, की टाळलं होतं, मी विचारलं नाही. ऑक्सिमीटर ८६ दाखवत होता.

रात्रभर जनरेटर धडधडत होता. त्या आवाजात छोट्या फादरांनी सभागृहाच्या कोपऱ्यात, एका बाकावर कापड पसरून, मिस्सा केली. कॅमेरा नव्हता. नेटवर्कच नव्हतं. सहा रुग्ण, तीन नातलग, सिस्टर आणि डिझेल ओतणारा मुलगा. ती बाई नवऱ्याच्या पायाशी बसून होती, ती कॅथलिक नाही; शांतीच्या नमस्काराच्या वेळी तिने सगळ्यांना हात जोडले. वीज दुसऱ्या रात्री आली. सहाही जण घरी गेले. एक गृहस्थ पुढे महिन्याभरात वारले, मधुमेह होता. बाकीचे आहेत.

७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, देवळं पुन्हा उघडली. आई पहिल्या बाकावर बसली, आणि मिस्सा संपल्यावर म्हणाली की गाणं फोनमध्ये बरं ऐकू यायचं. देवळाला रंग अजून लागलेला नाही. उत्तरेच्या भिंतीवर शेवाळ धरलंय.

लाल वही गेल्या वर्षी नव्याने करायला घेतली. निळ्या वहीतली माणसं तिच्यात घ्यायची का, घेतली तर त्यांना समितीच्या निवडणुकीत मत द्यायचं का, यावर चार बैठका झाल्या. ख्रिस्ती असतील त्यांना पान द्यायचं, एवढ्यावर एकमत झालं. इतरांचं काय, ते टांगलेलं आहे. निळी वही तूर्त वेगळीच, माझ्याच टेबलाच्या खणात. नव्या अर्जात ‘मूळ गाव’ असा रकाना ठेवावा की नाही यावरही वाद झाला. तो राहिला. परवा पहिले भरलेले अर्ज आले. सगळ्यात वरचा झारखंडच्या मुलाचा, मराठीत, जोडाक्षरं चुकलेली. मूळ गाव: सिमडेगा. सध्याचा पत्ता: देवळामागची चाळ. वर्गणी: सोबत जोडली आहे. कबर क्रमांकाच्या रकान्यात त्याने आडवी रेघ मारली होती आणि कंसात प्रश्नचिन्ह.